चाळिसाव्याची खमिरी

माझं तोंड फटकळ हाय, सगळ्या गल्लीला ठावं हाय. भाजीवालीशी भांडते, पीठवाल्याशी भांडते, मशिदीतल्या मुल्लांशीबी एकदा भांडून झालंय. लोक म्हणत्यात, नजीराच्या पोटात काय ऱ्हात न्हाय. खुळी हाईत ती. जवा बोलायचं हुतं तवाच माझी दातखीळ बसली, आन् त्येचं भोगलं दुसऱ्याच माणसानं. त्येच सांगते आज. मधी बोलू नका.

आमची पावाची भट्टी शनवार पेठंत. सकाळी पाव लाईन बाजारातल्या सायबांच्या बंगल्यांवर जायचा, दवाखान्यात जायचा, उरला तर गल्लीत खपायचा. गावातली हिंदू माणसं तवा पावाला शिवत नव्हती. आता शिवत्यात, चोरून. जाऊ दे.

पाव फुगतो खमिरानं. खमीर म्हंजे आंबलेलं पीठ, दुसरं काय न्हाय. पर ते जितं ठेवावं लागतं. रोज मूठभर कणीक आन् पाणी घालायचं, रोज त्यातलं थोडं पावाच्या पिठात मिसळायचं, थोडं मागं ठेवायचं. आमच्या घरातलं खमीर सासूच्या सासऱ्यानं विजापुरासनं आणलेलं. भट्टीच्या मागल्या भिंतीत एक खोल कोनाडा हाय, त्यात मातीचं गाडगं. आन् त्येचा कायदा एकच, पर कडक. गाडगं उंबऱ्याभाईर न्यायचं न्हाय, चिमूटभर खमीरबी भाईर जाऊ द्यायचं न्हाय. भाईर गेलं की घरातली बरकत गेली. शेजारची धोंडुबाई कवातरी आंबोळीला चोरून मागायची, तिला दारातनंच वाटंला लावायचो.

माझी सासू मदिना. अंगानं काटकुळी, हाताला मातूर गड्याचं बळ. तिच्या हातात पावाचं पीठ लोण्यागत व्हायचं. खमीर मापापरीस रोज जरा जास्तच व्हायचं, आन् अन्न टाकायचं न्हाय. मग पहाटचं पाव निघालं की ती त्या उरलेल्या खमिरात पिकलेली केळी कुस्करायची, गूळ घालायची, विलायची, बोटभर तूप. थाळ्यात केळीचं पान आंथरायचं, वर ते मिसळण वतायचं आन् भट्टीत सरकवायचं. भट्टी तवा निवत आलेली असती, तेवढाच जाळ त्येला पुरतो. वरनं गूळ करपून काळा, आत मऊ, आंबटगोड. आमी तिला खमिरी म्हणायचो. गल्लीतली पोरं दारात उभी ऱ्हायची. आन् माझा नवरा, चांगला बाप्या गडी, पोरांच्या आधी हात पुढं करायचा.

नवऱ्याचं नाव गैबी. जिता हुता तवा कवा नाव घेतलं न्हाय, आता घेते. आता कोण आडवतंय?

केळी यायची आकारामच्या मळ्यातनं. आकाराम मराठ्याचा, पंचगंगंच्या काठाला त्येचा मळा. गैबी आन् त्यो ल्हानपणापासनं संगट नदीत पवलेलं. केळीचा घड घ्यून यायचा, दारातल्या कट्ट्यावर बसायचा, ऊन ऊन खमिरी खायचा, आन् जाताना म्हणायचा, "मावशी, आमच्या घरात बोलू नगा हां, न्हायतर आमची म्हातारी मला गोमूत्रात बुडवून काढंल." मदिना खळखळून हसायची. आपल्या पोरापरीस त्येला मोठा तुकडा द्यायची.

माझं लगीन हून सा वर्सं झालती. पोर न्हाय. मदिना तोंडावर कवा बोलली न्हाय, पर बायका बोलायच्याच की. मला माहेर न्हाय. कुरुंदवाडचा मामा, त्येनंच उजवली, त्योबी पुढं पलेगात गेला. सांगायचं काय, तर त्या घरात माझं म्हणावं असं कायच नव्हतं. मग एक दिस मदिनानं मला कोनाड्याम्होरं नेलं, माझा हात धरून गाडग्यात घातला, म्हणाली, "आजपासनं हे तुझं. माझ्या सासूनं मला दिलतं, मी तुला देते. संबाळ."

रडली मी त्या दिशी. सा वर्सांत पयल्यांदा कुणीतरी काय तरी माझ्या हातात दिलं हुतं.

आन् वर्स पुरं व्हायच्या आत पलेग आला.

महाराज गादीवर बसून पाच-सा वर्सं झालती. आधी उंदीर पडाय लागलं, मग माणसं. दवंडी पिटली, गाव मोकळं करा, भाईर माळावर झोपड्या घातल्यात तितं ऱ्हावा. आमच्या गल्लीत शिपाई आलं आन् दोन तासांत सगळी भाईर. मदिनानं कुराणशरीफ घेतलं, तांब्याची दोन भांडी घेतली, गोधड्या घेतल्या. मी कोनाड्याम्होरं उभी.

"चल गं," मदिना म्हणाली. "ऱ्हाऊ दे ते खमीर. मेलं तर मेलं. माणसं वाचली म्हंजे झालं."

ह्यो शब्द तिचा. नीट ध्यानात ठेवा. म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलतं, पर म्हणाली ती तसंच. मी मातूर पाणी तेवढंच बघितलं, शब्द ऐकलाच न्हाय.

माळावरच्या झोपडीत दुसऱ्याच दिशी मी गैबीच्या मागं लागली. गाडग्यात पीठ घालाय पायजे. थंडीचं दिस हाईत, दिसाआड घातलं तरी चालंल, पर घालाय पायजे.

त्यो म्हणाला, "गाव बंद हाय. नाक्यावर पहारा हाय. कसं जाऊ?"

"आकारामला पास हाय की. त्येचा मळा तिकडंच. रोज गाडी घ्यून जातोय पहारेकऱ्यांस्नी भाजी द्यायला."

गैबी इचार करून म्हणाला, "असं कर. मी एकदाच जातो. खमिराचा गोळा वल्या फडक्यात बांधून हितं आणतो. हितंच झोपडीत ठिवू. एकदाच्यानं काम हुईल."

काय वाईट सांगत हुता? शहाण्यासारखं सांगत हुता. आन् मी काय म्हणाली, सांगू? मी म्हणाली, "उंबऱ्याभाईर? माझ्या हातात आल्याबरुबर? न्हाय म्हंजे न्हाय."

"अगं, अम्माच म्हणाली की, मेलं तर मेलं."

"आता म्हणत्यात. उद्या खरंच मेलं तर बगा काय म्हणत्यात ते. नजीराला पोर झालं न्हाय, आन् तीन पिढ्यांचं खमीर तेवढं मारलं. हे ऐकायचं हाय मला?"

गैबी उठून आकारामच्या झोपडीकडं गेला. भला माणूस. भल्या माणसाला हेच कळत न्हाय, बायकोला कुठं थोबाडीत मारायची.

मग दिसाआड त्यो जाय लागला. आकारामच्या गाडीत कडब्याच्या पेंड्यांखाली निजून जायचा, गाडग्यात पीठ घालायचा, तसाच परत यायचा. मदिनाला सांगायचं न्हाय असं आमचं ठरलं हुतं. तिला वाटायचं, पोरगं सरपण बगायला जातंय. मी दर खेपंला इचारायची, बुडबुडं येत्यात का? वास कसा हाय? त्यो सांगायचा, आन् मला बरं वाटायचं. त्या झोपड्यांतनं रोज एक-दोन मढी निघत हुती, आन् मला बुडबुड्यांचं बरं वाटायचं.

सहाव्या खेपंच्या आधी त्यो म्हणाला, "परवा पिठाच्या कोठीत दोन उंदीर पडलेलं दिसलं."

माझ्या काळजात चर्र झालं. खोटं कशाला सांगू, झालं. पर तोंडातनं काय निघालं, तर, "आजच्या दिस जावा. कोठीकडं जाऊ नगा, लांबनं पीठ घाला आन् या. म्होरचं बघू."

गेला त्यो. तिसऱ्या दिशी ताप भरला. काखंत गोळा आला. पलेगाच्या दवाखान्याची शेड हुती, तितं नेला. चौथ्या दिशी संपला. मातीला चार माणसं, आन् त्यातला एक आकाराम, लांब उभा ऱ्हायलेला.

मदिना रडली न्हाय. ती इचारत सुटली. माझं पोरगं माळावर हुतं, माळावर तर कुणाला झाला न्हाय आमच्या वळीत, मग ह्येलाच कसा झाला? कुठं गेलता? कुणीतरी सांगटलंच. आकारामच्या गाडीतनं उतरताना बगितलाय, कडब्यातनं, दोनदा-तीनदा.

ती आकारामच्या झोपडीम्होरं जाऊन उभी ऱ्हायली. मी मागं. सगळा माळ गोळा झाला.

"तू नेलास माझ्या पोराला गावात?"

आकारामनं आधी तिच्याकडं बगितलं. मग माझ्याकडं. मग खाली मान घातली.

"व्हय मावशी. मीच नेला."

"कशाला नेलास रं? काय काम हुतं तुझं?"

"माझंच काम हुतं. चुकलं माझं."

आता बोल, नजीरा. आता बोल की, फटकळ तोंडाची! माझ्या घशात शब्द आलं हुतं, देवाशप्पथ आलं हुतं. पर मदिनाच्या हाताकडं बगितलं, तिनं पायातला जोडा काढला हुता. नवरा न्हाय, पोर न्हाय, माहेर न्हाय. ह्या बाईनं मला भाईर काढली तर मी कुठं जाऊ? पलेगाच्या दिसांत एकट्या बाईला कोण दारात उभी करणार? मी गप ऱ्हायली. आकारामनं सगळ्या माळादेखत जोडा खाल्ला, आन् मी पदर तोंडात घालून उभी.

मदिना तेवढ्यावर थांबली न्हाय. नाक्यावरच्या जमादाराला सांगून आली, ह्यो माणसं लपवून गावात नेतोय. त्येचा पास काढून घेतला. मळ्यात जायला वाट न्हाय, पाणी पाजायला माणूस न्हाय. महिन्याभरात सगळी केळीची बाग वाळून कोळ झाली. दोन पोरं हुती त्येला, बायको पोटुशी हुती. ह्येबी मी बगत हुती. झोपडीतनं सगळं दिसायचं.

गाव उघडलं तवा आमी परत आलो. सगळीकडं चुना मारलेला, औषधाचा उग्र वास. कोठीतलं पीठ सरकारी माणसांनी नेऊन जाळलं हुतं. पर भट्टीमागचा कोनाडा त्येंच्या नजरंतनं सुटला. मी आत हात घातला न्हाय. मदिनानं घातला.

गाडग्यात वर काळं पाणी सुटलं हुतं, वास असा की डोळ्यांत पाणी यावं. मी मनात म्हणाली, या अल्ला, मेलेलं असू दे. मदिनानं काळं पाणी वतलं, वरचा काळा थर काढला. खाली पांढरं हुतं. तिनं कणीक घातली, कोमट पाणी घातलं आन् तितंच बसून ऱ्हायली. दुपारपतुर बुडबुडं आलं.

"बग गं, जगलं," ती म्हणाली. "दीड महिना कुणी दाणा घातला न्हाय, तरी जगलं. आन् माझं पोरगं चार दिसांत गेलं."

तवा ती रडली. गाडगं पोटाशी धरून रडली. म्हणाली, हे माझ्या गैबीनं धाडलंय मला. तिला काय ठावं, दीड महिन्यातलं बारा दिस ह्येला दाणा कुणी घातला, आन् कुणाच्या सांगण्यावरनं. त्या दिसापासनं ती त्या गाडग्याला लेकरासारखं बगाय लागली. मला त्येचा वास आला की मी भाईर कट्ट्यावर जाऊन बसायची.

चाळिसावा आला. आमच्यात चाळिसाव्या दिशी मेलेल्याच्या नावानं फातेहा देत्यात, आन् त्येला आवडायचं ते करून वाटत्यात. मदिना म्हणाली, "बिर्याणी कराय आपल्याकडं काय न्हाय. खमिरी करू. त्येला तीच आवडायची. बाजारात जा, केळी आण. आन् हे बग, त्या मारेकऱ्याच्या मळ्यातलं सालपटबी नगं."

बाजार कसला! निम्मी दुकानं बंद, निम्मी माणसं माळावरच. सगळा बाजार पालथा घातला, केळी न्हाईत. अंजीर न्हाईत, पेरू न्हाईत, कायच न्हाय. रिकाम्या हातानं घरी जाऊन काय सांगू? पाय आपसूक नदीकडं वळलं.

आकाराम मळ्यात वाळलेल्या केळी खणून काढत हुता. मला बगून खोरं खाली ठिवलं. हिरीच्या कडंला पाच-सा केळी तेवढ्या जगल्या हुत्या. बाकी सगळं उघडं रान.

"केळी पायजेत," मी म्हणाली. "चाळिसावा हाय."

त्यो खोपीत गेला. पाचटात पिकायला घातलेला एक घड आणला. तेवढाच हुता. म्हणाला, "पोरांनी दोन खाल्ल्यात, बाकी हाईत."

मला ऱ्हावलं न्हाय. "आकारामदादा, तुमी त्या दिशी तसं का बोललासा? तुमचं कसलं काम हुतं?"

"गैबीनं सांगटलं हुतं मला, कोण धाडतंय ते. पयल्याच खेपंला. गाडीत पेंड्यांखालनं बोलायचा. म्हणायचा, बायकोला लई लागलंय रं, तिला आयुष्यात पयल्यांदा काय तरी मिळालंय, मरू कसं देऊ."

मी खाली बसली तितंच.

"मावशीला सांगू नगंस," आकाराम म्हणाला. "काढली तुला घरातनं तर जाशील कुठं? मला काय, जोडा खाल्ला, इसरून जाईन. केळी काय, परत लावता येत्यात."

खरं सांगते, मला त्येचं बोलणं ऐकून बरं वाटलं. सुटल्यागत वाटलं. लाज वाटाय पायजे हुती, ती घरी पोचायच्या वाटंवर वाटली, तीबी थोडी थोडी. घड पदराखाली झाकून आणला. मदिनाला म्हणाली, बाजारात एका बागवानाकडं मिळाला, नशीब.

सकाळचं पाव निघालं हुतं. भट्टी निवत आलेली. मदिनानं उरलेलं खमीर परातीत घेतलं, गूळ फोडला, केळी सोलायला बसली. तीन सोलली, चौथ्याच्या देठात बोट घातलं आन् थांबली. देठाच्या बेचक्यातनं तिनं उसाच्या वाळल्या पानाची एक काडी काढली.

"बागवान पिंजरात पिकवत्यात," ती म्हणाली. "भाताच्या. पाचटात केळी कोण पिकवतंय, मला म्हाईत हाय. वीस वर्सं खातोय आपण."

तिनं ती काडी माझ्याम्होरं धरली.

"तू त्येच्याकडं गेलतीस."

"बाजारात नव्हती वो अम्मा..."

"माझ्या पोराच्या फातेहाला त्येच्या मारेकऱ्याची केळी?" तिनं घड उचलला आन् भट्टीच्या तोंडाकडं फेकला. सोललेली केळी मातीत पडली. मग ती भट्टीकडं त्वांड करून, दोनी हात वर करून बोलाय लागली. "माझ्या घरातनं जसं मढं निघालं तसं त्येच्या घरातनं निघू दे. त्येची पोरं त्येच्या डोळ्यांदेखत जाऊ देत. त्येच्या बायकोच्या पोटातलं..."

"अम्मा!"

मी वरडली. कशी वरडली, मला ठावं न्हाय. पोटुशा बाईचं नाव काढलं तिनं, चाळिसाव्याच्या दिशी, हात वर करून. मला वाटलं, ही बद्दुवा अर्ध्या वाटंत धराय पायजे.

"त्येनं न्हाय नेलं. मी धाडलं. खमिराला पीठ घालायला मी धाडलं. सहा येळा."

मदिनाचं हात तसंच वर ऱ्हायलं. मग हळूहळू खाली आलं.

एकदा कुलूप निघालं ते निघालंच. मी सगळं वकली. कडबा सांगटला, बुडबुडं सांगटलं, उंदीर सांगटलं, आजच्या दिस जावा म्हणाली ते सांगटलं. आकारामनं का मान खाली घातली ते सांगटलं. आन् वल्या फडक्यातल्या खमिराच्या गोळ्याचंबी सांगटलं. ते लपवता आलं असतं. त्यो आन् मी, दोघांतच हुतं ते.

तिनं बाकी कायच इचारलं न्हाय. तेवढंच इचारलं.

"एकदाच जाऊन गोळा आणतो, असं म्हणला हुता त्यो?"

"व्हय."

"फडक्यात बांधून?"

"व्हय."

"आन् तू न्हाय म्हणलीस."

"उंबऱ्याभाईर न्यायचं न्हाय ना, अम्मा. तुमीच सांगटलं हुतं. बरकत जाती."

मदिना उठली. कोनाड्यातनं गाडगं काढलं. दोनी हातांत धरून दाराकडं गेली, उंबरा वलांडला, कट्टा उतरली, गल्लीच्या मधोमध जाऊन उभी ऱ्हायली. धोंडुबाई दारातनं बगत हुती. मदिनानं गाडगं वर धरलं, हिकडं फिरवलं, तिकडं फिरवलं, गल्लीच्या तोंडापतुर चालत गेली आन् चालत परत आली. उंबरा वलांडून आत आली. माझ्याम्होरं गाडगं ठिवलं.

"नेलं भाईर," ती म्हणाली. "काय झालं?"

तिनं गाडगं माझ्याकडं ढकललं.

"सांग की. आभाळ पडलं? भिंत फाटली? काय झालं, सांग मला. नेलं आन् आणलं. येवढंच हुतं ते. काय झालं?"

तिचा आवाज चढला न्हाय. वरडली असती तर बरं झालं असतं. मी तिचं पाय धराय गेली, तिनं पाय मागं घेतलं. मग मातीतली केळी गोळा केली, धुतली, भट्टीच्या तोंडाशी भाजली हुती त्येंची सालं काढली. कुस्करली. गूळ घातला. विलायची घातली. थाळा भट्टीत सरकवला आन् भट्टीम्होरं पाठमोरी बसली.

मुल्ला आलं, फातेहा झाला. मदिनानं तुकडं केलं. पयला तुकडा, मोठा, पानात बांधला, डोक्यावर पदर घेतला आन् ती चालत नदीकडं गेली. आकारामच्या मळ्यात. तितं काय झालं, मी बगितलं न्हाय. पुढं कवातरी आकारामच्या बायकोनं सांगटलं, म्हातारीनं त्येच्या पायावर डोकं ठिवलं, आन् त्येनं तिला उचलून धरली आन् दोघंबी बांधावर बसून रडली.

ती आली, मग गल्लीत वाटलं. पोरांना दिलं, धोंडुबाईला दिलं, भिकाऱ्याला दिलं. थाळा रिकामा केला, घासला, पालथा घातला. माझ्या हातावर तिनं काय ठिवलं न्हाय.

त्या दिसापासनं मदिना माझ्याशी बोलली न्हाय.

मला घरातनं काढली न्हाय तिनं. ज्या भ्यानं मी गप बसली हुती, ते काय झालंच न्हाय. माझं आंथरूण हुतं तितंच ऱ्हायलं, माझी भाकरी मला मिळत ऱ्हायली. आजारी पडली तर काढा करून उशाशी ठेवायची. लुगडं फाटलं तर नवं आणून दोरीवर टाकायची. आल्यागेल्याशी बोलायची, आकारामशी तर तासन् तास बोलायची. त्येनं परत केळी लावली, परत घड आणाय लागला, परत कट्ट्यावर बसाय लागला. मी खोलीत आली की दोघं बोलत असायची ते तसंच बोलत ऱ्हायची, मी भिंत हाय असं समजून. आकाराम बिचारा मधीच माझं नाव काढायचा, "नजीराबाई म्हणत हुत्या..." मदिना दुसरंच काय तरी काढायची.

आन् पाव तर करायलाच पायजे हुता. दोन बायकांचं पोट त्येच्यावर. एका माणसानं मळून हुईल येवढं थोडं पीठ नव्हतं. मग रोज पहाटं एका परातीला दोन बाजूंनी आमी दोघी बसायचो. चार हात एका पिठात. तिचा हात माझ्या हाताला लागायचा, बोटांत बोटं अडकायची पिठात. ती हात काढून घ्यायची न्हाय. बोलायचीबी न्हाय. पयली दोन-तीन वर्सं मी बोलत ऱ्हायची, माफी मागायची, रडायची, कवा चिडून वाट्टंल ते बडबडायची. मग मीबी सोडलं. गल्लीत ऊठसूट भांडाय लागली ती तवापासनं. कुठंतरी बोलाय पायजे ना माणसाला.

अकरा वर्सं. मोजून सांगते, अकरा.

गेल्या थंडीत ती गेली. आठ दिस आंथरुणाला धरून हुती. शेवटच्या दिशी सकाळी तिनं पाण्यासाठी हात हलवला. मी वाटी तोंडाला लावली, तिची मान माझ्या हातावर हुती. जीव उंदराएवढा ऱ्हायला हुता, डोळं मातूर तेच. तिनं माझ्याकडं बगितलं. अकरा वर्सांत अशी सरळ बगितली नव्हती. ओठ हललं. मला वाटलं, आता बोलती.

मी म्हणाली, "अम्मा, शिवी तरी द्या. एक शिवी द्या मला."

तिनं तोंडातला पाण्याचा घोट गिळला आन् भिंतीकडं त्वांड करून कुशीवर वळली.